उकिरड्याची परीक्षा

गेल्या वर्षी सेमिनारचे विषय वाटले गेले तेव्हा माझ्या वाट्याला ‘सस्टेनेबल, रिसायकलेबल आणि कंपोस्टेबल पॅकेजिंग’ हा विषय आला. माझ्या रूम पार्टनरने लगेच मराठी भाषांतर केले, ‘टिकाऊ पॅकेजिंग!’ आम्ही दोघे खूप हसलो. कारण पॅकेजिंग टिकाऊ आहे हीच तर सगळी अडचण आहे. टिकाऊ नव्हे, शाश्वत म्हणायचे. असो. स्लाइड्स झाल्या, ग्रेड मिळाला. पण या विषयाची खरी सुरुवात सेमिनारच्या दीड वर्ष आधी, माझ्या ताईच्या लग्नात झाली होती, आणि ती गोष्ट स्लाइडवर टाकण्यासारखी नव्हती. म्हणून इथे लिहितो आहे.

आमचे गाव मानोऱ्यापासून सात-आठ किलोमीटरवर. मानोरा म्हणजे वाशिम जिल्ह्यातला तालुका. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. बंजारा समाजाची काशी म्हणतात ते पोहरादेवी याच तालुक्यात. सोयाबीन, तूर, कापूस ही पिके, आणि शेतांच्या मधे, नाल्यांच्या काठाने जिकडेतिकडे पळस. फाल्गुनात अख्खा माळ पेटल्यासारखा दिसतो. पळसाच्या पानांच्या पत्रावळींवर आमच्याकडच्या किती पिढ्या जेवल्या असतील कोण जाणे.

मे २०२३ मध्ये ताईचे लग्न होते. मी नुकतीच फर्स्ट इयरची परीक्षा देऊन गेलो होतो, म्हणजे डोक्यात हवा भरपूर! बाबांनी जवळच्या तांड्यावरच्या याडीला सहाशे पत्रावळी सांगून ठेवल्या होत्या. तिला सगळे गाव याडीच म्हणते. मी म्हटले, बाबा, पत्रावळी आता कोणी वापरत नाही, हायजिनिक दिसत नाही. थर्माकोलही चालणार नाही, महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्यावर बंदी आली आहे आणि केंद्राचीही १ जुलै २०२२ पासून आली. मग काय? तर ‘इको-फ्रेंडली’ ताटे, चहाचे कागदी कप, आणि परत जाणाऱ्या पाहुण्यांना बुंदी-चिवडा द्यायला हिरव्या पानाचे चित्र छापलेल्या ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ पिशव्या. साध्या पिशवीपेक्षा कितीतरी महाग. बाबा म्हणाले, ‘खर्च जास्ती होऊन राह्यला बा.’ मी म्हटले, ‘पण मातीत विरघळते ना!’ बाबांनी याडीची ऑर्डर रद्द केली.

लग्न झाले. उष्टी-खरकटी, ताटे, कप, पिशव्या, सगळे नेहमीप्रमाणे घरामागच्या उकिरड्यावर गेले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी सुट्टीत घरी होतो. उकिरड्याचे खत ट्रॉलीने शेतात नेऊन पसरले होते आणि बाबा वखरणी करत होते. दुपारी मी भाकरी घेऊन गेलो तर बैल धुऱ्यावर उभे, आणि बाबा खाली बसून वखराच्या पासेला गुंडाळलेल्या चिंध्या विळ्याने कापून काढत होते. हिरव्या पानाच्या चिंध्या. काही ठिकाणी अक्षरेसुद्धा वाचता येत होती. बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागले. एवढेच म्हणाले, ‘तू त म्हने विरघळते म्हनून. हे त जसंच्या तसं हाय. कालेजात हेच शिकवतेत काय?’

कॉलेजात हे शिकवत नाहीत, हे मी त्यांना कसे सांगणार? त्या दिवशी त्या सहा एकरांत मी आणि धाकटा भाऊ संध्याकाळपर्यंत चिंध्या वेचत फिरलो. एक पोते भरले. उरलेल्या अजूनही निघतात.

आता शास्त्राकडे वळू. ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दात काळाचा आणि जागेचा उल्लेखच नाही. एखादी गोष्ट जिवाणू खातात, एवढेच तो सांगतो. किती दिवसांत, कुठे, किती ओलाव्यात, काहीच नाही. सागवानी दार पण बायोडिग्रेडेबलच की. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे, कारण त्याला परीक्षा आहे. आपल्याकडे ती आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात दिली आहे. थोडक्यात सांगायचे तर नमुना साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या कंपोस्टमध्ये ठेवतात. १८० दिवसांच्या आत त्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला पाहिजे. शिवाय १२ आठवड्यांनी कंपोस्ट २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले तर चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त तुकडे राहता कामा नयेत. जड धातू मर्यादेत हवेत आणि त्या खतात बी नीट उगवले पाहिजे. अशा पिशवीला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. हिरवे पान हे प्रमाणपत्र नाही, ते फक्त चित्र आहे!

आणि ५८ अंश हा आकडा नीट बघा. सगळी गोम तिथे आहे.

पॉलिथिनची साखळी म्हणजे कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, असे हजारो दुवे. हा दुवा तोडायची हत्यारे मातीतल्या बुरशीकडे, जिवाणूंकडे जवळजवळ नाहीतच. पानातले सेल्युलोज ही पण लांब साखळीच, पण ते दुवे तोडणारे एन्झाइम बुरशी कोट्यवधी वर्षे वापरत आली आहे. मधला मार्ग म्हणजे पॉलिएस्टर जातीची प्लास्टिक. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून बनणारे पीएलए हे त्यातलेच. त्यातला एस्टरचा दुवा पाण्याने तुटतो. आधी पाणी साखळीचे तुकडे करते, मग ते बारके तुकडे जिवाणू खातात. पण पीएलएची साखळी साधारण ६० अंशांपर्यंत काचेसारखी घट्ट जखडलेली असते, पाणी आत शिरतच नाही म्हणा ना. त्या तापमानाच्या जवळ गेले की ती सैल पडते आणि काम सुरू होते. म्हणून कारखान्यातल्या मोठ्या कंपोस्ट ढिगात जो कप काही आठवड्यांत जातो तोच कप साध्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो.

मला आधी वाटले, आमच्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश असतेच, अजून थोडेच पाहिजे! पण उन्हाळ्यात उकिरडा कोरडा ठणठणीत असतो. पाणी नाही तर तोडणार कोण? आणि पावसाळ्यात ओल असते तेव्हा ऊब नसते, कारण उकिरड्यावर रोज एक-दोन टोपली शेण-कचरा पडतो, एकदम ढीग रचला जात नाही. जिवाणूंनी तयार केलेली उष्णता साठायला निदान घनमीटरभर ओला ढीग एकत्र लागतो. रोज एक काडी टाकून शेकोटी पेटत नाही, तसेच हे.

मग ताईच्या लग्नातल्या पिशव्या कशाच्या होत्या? घरी दोन सोप्या चाचण्या केल्या, तुम्हीही हॉस्टेलवर करू शकता. तुकडा बादलीतल्या पाण्यात बुडवून सोडा, बुडबुडे चिकटू नयेत म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, ते वर येते. पीएलए आणि कंपोस्टेबल पिशव्यांत वापरतात ते पीबीएटी यांची घनता सव्वाच्या आसपास, ते तळाला जाते. (खडूची भुकटी मिसळली असेल तर हा अंदाज चुकतो, म्हणून एकट्या याच चाचणीवर जाऊ नये.) दुसरी चाचणी जाळण्याची, पण ती उघड्यावर आणि चिमट्याने. पॉलिथिन विझवले की मेणबत्तीचा वास येतो. आमची पिशवी तरंगली आणि मेणबत्तीसारखी वासली. म्हणजे मूळ माल पॉलिथिनच, फार तर त्यात लवकर ठिसूळ व्हावे म्हणून काही घातलेले. अशा ‘ऑक्सो’ प्रकारात धातूंचे क्षार मिसळतात, त्याने उन्हात साखळी तुटून तुकडे पडतात. तुकडे पडणे म्हणजे कुजणे नव्हे. युरोपियन युनियनने याच कारणाने ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकच्या वस्तू ३ जुलै २०२१ पासून बाजारातून बंद केल्या. आपल्याकडेही २०२४ च्या नियमदुरुस्तीत बायोडिग्रेडेबल प्लास्टिकने मागे मायक्रोप्लास्टिक ठेवता कामा नये असे व्याख्येतच घातले गेले.

माझे दुःख जागतिक आहे हे नंतर कळले. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षे माती, समुद्र आणि मोकळ्या हवेत ठेवून २०१९ मध्ये निष्कर्ष छापले. मातीत आणि समुद्रात तीन वर्षे राहिलेली ‘बायोडिग्रेडेबल’ पिशवी अजून बाजारहाट उचलू शकत होती! कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही होती, फक्त वजन धरत नव्हती. म्हणजे एकच पिशवी, जागा बदलली की निकाल वेगळा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सामान्य लोकांच्या परसातल्या कंपोस्टवर केलेल्या प्रयोगाचे निकाल २०२२ मध्ये आले. त्यात ‘घरी कंपोस्ट होईल’ असे लिहिलेल्या प्लास्टिकपैकी ६० टक्के पूर्ण कुजले नव्हते.

पुसदचा धडा

आता प्रश्न होता, आमच्या गावात नक्की काय कुजते? हे प्लिमथवाले सांगणार नाहीत, लंडनवाले पण नाहीत. आणि इथे मला एक लाज वाटण्यासारखी गोष्ट सापडली. कंपोस्टिंगवर मी आठवडाभर जगभरचे पेपर वाचत होतो आणि ज्या पद्धतीचे नाव देशभर शेतकऱ्यांना माहीत आहे ती आमच्या शेजारच्या पुसदची निघाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेप काका. नावाची आद्याक्षरे मिळून ‘नाडेप’. मी लहानपणापासून ‘नाडेप टाके’ ऐकत आलो, मला वाटायचे कुठल्यातरी सरकारी स्कीमचे इंग्रजी नाव असेल.

टाके अगदी साधे आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांचे, भिंतीत ठरावीक अंतराने भोके ठेवलेली. आत काडीकचरा-पालापाचोळ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणाचा पातळ काला, त्यावर चाळलेली माती. पुन्हा तोच क्रम. एक टाके भरायला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, तेवढीच किंवा थोडी जास्त माती, आणि शेण मात्र फक्त १०० किलोच्या आसपास. शेवटी वरून शेणामातीने लिंपायचे आणि ओल टिकवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. यातली युक्ती लक्षात घ्या. भोकांतून हवा जाते म्हणून ढीग वारंवार पलटवावा लागत नाही. एकदोन दिवसांत सगळे टाके भरायचे असते म्हणून ऊब साठते. लिंपण असते म्हणून ओल उडत नाही. हवा, ऊब, ओल. उकिरड्यात या तिन्हींची मारामार, टाक्यात तिन्ही बांधून दिलेल्या. शेण कमी असले तरी चालते हे शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे, कारण जनावरे घटत चालली आहेत आणि काडीकचरा आपण पेटवून देतो.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी जुन्या पडक्या भिंतीच्या विटा घेऊन अर्ध्या मापाचे टाके बांधले. बाबा लांबून बघत होते, मदतीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र न सांगता सोयाबीनचे कुटार आणून टाकले.

नमुने गोळा करायचे होते. पत्रावळीसाठी याडीकडे गेलो. पोटात गोळा आला होता. तिने ओळखले, चहा ठेवला आणि म्हणाली, ‘तवा सहाशे नगं म्हनला, आता बारा पायजेत?’ पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी अर्धा तास बसवून पाने कशी निवडायची, फार कोवळे पान का चालत नाही, काडी कुठून कुठे टोचायची हे दाखवले. मी शिवलेली एक पत्रावळ तिने उचलून उन्हाकडे धरली आणि हसली. भोकेच जास्त होती.

मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीच्या छोट्या पिशव्या शिवल्या, म्हणजे माती-पाणी-किडे आत जातील पण नमुना हरवणार नाही. प्रत्येकीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची चिठ्ठी, खिळ्याने नंबर कोरलेली. नमुने असे: पळसाची पत्रावळी, उसाच्या चोयट्यापासून दाबून बनवलेली वाटी, चहाचा कागदी कप, प्रमाणपत्राचा नंबर असलेली कंपोस्टेबल पिशवी, पीएलए लिहिलेला आइस्क्रीमचा पारदर्शक कप, दुकानात ‘कापडी’ म्हणून देतात ती नॉन-वोव्हन पिशवी, ताईच्या लग्नाची पिशवी, आणि तुलनेसाठी साधी पॉलिथिनची पिशवी. प्रत्येकाचा एक जोड टाक्यात, एक उकिरड्यात. कॉलेजच्या लॅबमधून एक लांब थर्मामीटर मागून नेले होते, त्यासाठी लॅब असिस्टंट सरांचे आभार मानलेच पाहिजेत. भाऊ रोज संध्याकाळी भोकातून थर्मामीटर घालून आकडा व्हॉट्सअॅप करायचा. पहिल्या दोन आठवड्यांत टाके पन्नाशीच्या वर गेले, मग हळूहळू उतरत हिवाळ्यात तिशीवर स्थिरावले. उकिरडा बाहेरच्या हवेपेक्षा फारसा वेगळा कधी झालाच नाही.

गुढीपाडव्याला, ३० मार्च २०२५ ला, टाके फोडले. आजीची पिठाची चाळणी घेतली म्हणून शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

पत्रावळी दोन्हीकडे संपली होती. टाक्यात फक्त टोचलेल्या काड्या सापडल्या, उकिरड्यात काड्या आणि पानांच्या शिरांची जाळी. चोयट्याची वाटी टाक्यात गेली, उकिरड्यात तिचा ओला लगदा होता, बोटाने चिरडला जाणारा. कागदी कपाने मला फसवले. कागद खलास, पण आत एक पातळ पारदर्शक कप जसाच्या तसा उभा! चहा झिरपू नये म्हणून आतून लावलेला पॉलिथिनचा पापुद्रा. आपण टपरीवर रोज जो चहा पितो तो कागदातून नाही, या पापुद्र्यातून पितो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले होते की अशा कपात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटे ठेवले तर सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण त्यात उतरतात. मी तेव्हापासून स्टीलचा ग्लास घेऊन टपरीवर जातो, मित्र हसतात, हसू देत.

प्रमाणपत्राची कंपोस्टेबल पिशवी टाक्यात हाताला लागताच चुरा झाली, काही तुकडे चाळणीवर राहिले. उकिरड्यातली मात्र अख्खी होती, ओढली की फाटत होती इतकेच. पीएलएचा कप दोन्हीकडे शाबूत, टाक्यातला पांढरट आणि वाकडा झाला होता. नॉन-वोव्हन पिशवी धुऊन परत बाजाराला नेता आली असती. ती कापड नव्हेच, ते पॉलिप्रॉपिलीनचे तंतू दाबून केलेले असते. ताईच्या लग्नाची पिशवी आणि साधी पॉलिथिनची पिशवी यांच्यात डोळ्यांना फरक सांगता आला नाही.

हा काही जर्नलमध्ये छापण्यासारखा प्रयोग नाही. एक टाके, एक हिवाळा, नमुने मोजके. पण बाबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. पुडक्यावरचा शब्द खरा की खोटा हे पुडके एकटे ठरवत नाही, ते कुठे जाऊन पडणार आहे ते ठरवते. प्रमाणपत्राची पिशवी खोटारडी नाही, तिला तिची जागा हवी. ती जागा आमच्या गावात नाही. आपल्या मेसच्या मागे जो खड्डा आहे, ज्यात भात, पिशव्या, कप सगळे एकत्र पडते, तिथेही नाही.

भंगारवाल्याचा तराजू

रिसायकलेबल या शब्दाचीही तीच कथा, म्हणून थोडक्यात सांगतो. तांत्रिकदृष्ट्या पुष्कळ गोष्टी रिसायकल होतात. पण मानोऱ्यात रिसायकल काय होते हे बघायचे तर भंगारवाल्याच्या गाडीवर बघा. पाण्याच्या बाटल्या असतात, कारण त्या एकाच पदार्थाच्या, पीईटीच्या. पुठ्ठा असतो, लोखंड असते, फुटक्या बादल्या असतात. कुरकुऱ्याची, गुटख्याची, शाम्पूची पुडी कधी दिसली का? नाही दिसणार. त्या पुडीत प्लास्टिकचा एक थर, मधे धातूचा थर, आत दुसऱ्या प्लास्टिकचा थर, असे चिकटवलेले असते. वेगळे करायला खर्च येतो तेवढी मालाची किंमत नाही, आणि हजार पुड्या वेचल्या तरी वजन भरत नाही. म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. त्याला पॉलिमर केमिस्ट्री माहीत नसेल, पण त्याचा तराजू आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे.

यात नवी भानगड अशी की पीएलएचा पारदर्शक कप किंवा बाटली पीईटीसारखीच दिसते. ती चुकून पीईटीच्या मालात गेली तर वितळवताना सगळा घाणा बिघडतो. म्हणजे कंपोस्टेबल माल कुजायच्या जागी पोचला नाही तर नुसता निरुपयोगी नाही, तर दुसऱ्याचे चांगले चाललेले काम बिघडवणारा.

मग प्लास्टिक वाईटच का? असे सरसकट म्हणणारा निबंध मी दहावीला लिहिला होता, पाचपैकी चार मार्क होते. आता तसे लिहिणार नाही. आमच्या घरचे तुरीच्या डाळीचे सांडगे पळसाच्या पानात बांधून आजीने पावसाळ्यात ठेवून दाखवावे! चार दिवसांत बुरशी. पॉलिथिनमधून पाण्याची वाफ फार कमी जाते म्हणून चिवडा कुरकुरीत राहतो. पीएलए किंवा सेल्युलोजची फिल्म ऑक्सिजनला बऱ्यापैकी अडवते पण वाफेला तितकी अडवत नाही. संशोधकांची खरी डोकेदुखी इथे आहे. पदार्थ दुकानात सहा महिने टिकला पाहिजे आणि मातीत सहा महिन्यांत गेला पाहिजे, म्हणजे पाण्याला आधी ‘येऊ नको’ म्हणायचे आणि नंतर ‘ये’ म्हणायचे.

या शोधात आमच्या भागातला माल कामाचा ठरू शकतो हे वाचून मला बरे वाटले. सोयाबीनचे तेल काढल्यावर जी पेंड उरते तिच्यातल्या प्रथिनापासून ग्लिसरीन मिसळून फिल्म करता येते. कोरड्या हवेत ती ऑक्सिजनला उत्तम अडवते, ओल लागली की लिबलिबीत होते. त्यामुळे ती एकटी न वापरता कागदावर लेप म्हणून वापरण्याकडे कल आहे. सोयाबीनपासून प्लास्टिक ही कल्पना नवी नाही बरं का, हेन्री फोर्डने १९४१ मध्ये शेतमालापासून केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांची मोटार लोकांना दाखवली होती. कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ती पऱ्हाटी आपण चुलीत घालतो किंवा धुऱ्यावर पेटवतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून चालू असलेली कापूस संशोधन संस्था, सिरकॉट, हिने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र विकसित केले. तिथे कापसापासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा पथदर्शी प्लांटही आहे, आणि हे नॅनोसेल्युलोज कागदाच्या लेपात घातले की कागद मजबूत होतो, हवेला जास्त अडवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीला प्राज कंपनीचे बायोपॉलिमरचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू झाले, तिथे पीएलए बनते. म्हणजे महाराष्ट्रात पीएलए बनवण्याची तयारी झाली, तो कुजवण्याची तालुक्याच्या गावी कुठे झाली आहे? यावर एखाद्या ज्युनिअरने प्रोजेक्ट करावा असे मला मनापासून वाटते. नाडेप टाक्याचे तापमान, थोडी रचना बदलून, पन्नाशीच्या वर आठ-दहा आठवडे टिकवता येईल का? काळा रंग, जाड थर, शेणाचे प्रमाण, मधे एकदा पलटवणे, काहीही करून बघा. विटा माझ्याकडे आहेत.

टाक्यातले खत बाबांनी या खरिपात बांधालगतच्या दोन तासांना टाकले. पसरण्याआधी त्यांनी स्वतः ओंजळीत घेऊन उन्हात पाहिले, काही चमकते का म्हणून. पुढच्या फाल्गुनात चुलतभावाचे लग्न ठरले आहे. परवा फोनवर बाबांनी विचारले, ‘याडीले किती सांगू?’ मी म्हटले सातशे, आणि तिला आत्ताच सांगा, पळसाची पाने निबर व्हायच्या आत. ‘अन् ग्लास?’ मी म्हटले, स्टीलचे, मानोऱ्यातून भाड्याने. ‘धुवन कोन?’ मी आणि भाऊ, असे कबूल करून बसलो आहे.

वखराला गुंडाळलेल्या त्या चिंध्यांपैकी काही मी बिस्किटाच्या डब्यात भरून इथे आणल्या आहेत. शेजारी टाक्यातून निघालेले नमुने, नंबराच्या चिठ्ठ्यांसकट. कोणाला बघायचे असेल तर हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतची खोली. रात्री मेसनंतर मी असतोच.